भाजणीची स्लाइड

शोभा खांबेटे मला कधीच फारशी आवडली नाही, हे आधी सांगून टाकते. नाहीतर मैत्रीण म्हणून तिची बाजू घेते असं कुणाला तरी वाटायचं. तिच्याशी बोलायचं म्हणजे पिठाविषयी बोलायचं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये तेव्हा आमची जेमतेम वीसेक मराठी घरं होती. एखादी बाई कूपनं कापत बसायची, एखादी दर शनिवारी गराज सेल धुंडाळायची, मी लोकांची उणीदुणी काढायचे. शोभाचा जीव पिठात. इथल्या मैद्याची पोळी कशी वातड होते, डेव्हन अव्हेन्यूच्या देशी दुकानातलं बेसन कसं जुनाट निघतं, थालीपीठाची भाजणी घरी दळायच्या नादात कोणता ब्लेंडर कसा जळला, हे तिचे विषय. तिला फोन केला की मागे काहीतरी घरघरत असायचं. मी रिसीव्हर मानेत धरून भांडी विसळून घ्यायचे आणि अधूनमधून ‘हो का’ म्हणायचे.

बाई मिरजेची. वडील लवकर गेले. आईने भाजण्या, मेतकूट, सांडगे करून विकले आणि दोन मुली वाढवल्या. त्यामुळे पिठाचं वेड तिने घरूनच आणलं होतं. दिगंबरशी लग्न करून ती इकडे आली, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली होती. बी. ए. झालेली, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की नवऱ्याकडे बघायची. गाडी चालवायला शिकली नाही. शिकवली नाही म्हणा. दिगंबर शिकवायला बसला की रस्त्याच्या पहिल्या वळणाला ती रडायची आणि दुसऱ्या वळणाला तो गाडी परत फिरवायचा. मग शनिवारी सगळ्यांसमोर म्हणायचा, “आमच्या हिला देवाने ब्रेक दिलाय, ॲक्सिलरेटर द्यायला विसरला.” लोक हसायचे. शोभाही हसायची.

दिगंबर मात्र आम्हा सगळ्यांचा लाडका. उंच, देखणा, भरदार आवाजाचा. इंजिनियर तर तिथे सगळेच होते, पण गप्पा मारणारा इंजिनियर हा एकटाच. त्याच्याकडे उत्तम कॅमेरा होता आणि स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर होता. थंडी सुरू झाली की कुणाच्या तरी घरी बेसमेंटमध्ये भिंतीवर पांढरी चादर लावायची, चिवड्याच्या ताटल्या फिरवायच्या आणि उन्हाळ्यातल्या सहलींच्या स्लाइड बघायच्या, असा आमचा रिवाज. बाकीच्यांच्या स्लाइड म्हणजे नायगारा, पुन्हा नायगारा, नायगाऱ्यासमोर सासूबाई. दिगंबर त्या नाटकासारख्या रचायचा आणि त्याच्या नाटकात विनोदी पात्र ठरलेलं असायचं. ग्रँड कॅन्यनच्या कडेला डोळे मिटून उभी शोभा. डिस्नेलँडमध्ये एका पायात चप्पल असलेली शोभा. लोक खास तेवढ्यासाठी यायचे. आमच्यातला श्रीराम तर आठवडाभर आधीपासून विचारायचा, “या वेळेला शोभावहिनींचं काय नवीन आहे रे?”

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात खांबेटे मंडळी भारतात जाऊन आली. शोभाची आई तेव्हा हृदयाच्या दुखण्याने खचलेली होती. तरी लेक अमेरिकेला परत निघाली म्हणून म्हातारीने भाजणी करायला घेतली. उभं राहवत नव्हतं, म्हणून शेगडी जमिनीवर घेऊन बसली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धने, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. शोभाला हात लावू दिला नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या गिरणीचा पट्टा तुटला. दुसरी गिरणी लांब, आणि गाडी पहाटेची. शेवटी ते भाजलेलं धान्य तसंच मांजरपाटाच्या पिशवीत शिवून शोभाने बॅगेत घातलं. अमेरिकेत ते दळणार कसं, याची काळजी ती मुंबई-लंडन विमानात करत बसली होती.

लंडनला चार दिवस थांबायचं ठरलेलं होतं. दिगंबरने गाडी भाड्याने घेतली, मोठ्या बॅगा गाडीतच राहू दिल्या आणि त्यातल्या रविवारी दोघं नदीकाठच्या एका जुन्या गावाला गेली. मुलगी दीपा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती कंटाळली म्हणून हॉटेलातच टीव्ही बघत राहिली. गावाचं नाव होतं मार्लिंगफर्ड. मार्केट टाउन, असं दिगंबर दर वेळी ठासून सांगायचा, म्हणजे शेकडो वर्षं जिथे आठवड्याचा बाजार भरतो असं गाव. आपल्याकडे त्याला बाजारगाव म्हणतात आणि तिथे जाऊन कुणी फोटो काढत नाही, पण ते असो. दगडी कमानींचा पूल, चौकात बाजाराचा जुना खांब, तिरकी झालेली लाकडी घरं आणि गावाच्या टोकाला पाणचक्की. चक्की कधीच बंद पडलेली होती. गावातल्या हौशी लोकांनी ती दुरुस्त केली होती आणि दर रविवारी बघायला आलेल्यांसाठी थोडे गहू दळून दाखवायचे.

त्या दिवशी आत काय झालं ते मी दोघांच्या तोंडून ऐकलं आहे. दिगंबरकडून अनेकदा, शोभाकडून एकदाच. शोभाचं खरं मानते.

पाण्यावर फिरणारं ते प्रचंड चाक, त्यावर चालणारे लाकडी दाते, आणि वरच्या मजल्यावर दगडी जातं. जात्यावर पेटी, पेटीतून गहू आत, आणि खालच्या मजल्यावर पन्हळीतून पीठ पिशवीत. शोभा त्या पन्हळीशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. चक्कीवाला पांढऱ्या ॲप्रनमधला म्हातारा इंग्रज होता. पडणारं पीठ तो चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून बघत होता. शोभाने न विचारता हात पुढे केला, पीठ घेतलं आणि तसंच चोळून बघितलं. म्हणाली, “लिटल हॉट.” दळताना पीठ गरम लागलं तर जात्याचे पाटे फार जवळ बसलेत असं तिची आई म्हणायची. म्हातारा हसला आणि वर जाऊन काहीतरी सैल करून आला.

मग तिने जे केलं ते आपल्यातलीच बाई करू शकते. गिरणी दिसली की दळण टाकायचं, दुसरं काय करायचं असतं गिरणीत? ती तडक बाहेर गेली, गाडीची ट्रंक उघडली, बॅग उघडली आणि भाजणीची पिशवी घेऊन आत आली. दिगंबरने दारातच तिला अडवलं. “अगं, हे म्युझियम आहे. डोकं फिरलंय का तुझं?” पण म्हाताऱ्याने पिशवी बघितली होती. त्याने शिवण थोडी उसवून वास घेतला, यात काय काय आहे विचारलं. शोभाने येतील तेवढी नावं सांगितली. म्हातारा म्हणाला, आजचे गहू संपत आलेत, आता पाटे कोरडे फिरवण्यापेक्षा हेच घालू.

आणि भाजणी दळली. भाजलेल्या धन्याचा वास त्या चक्कीत पसरला. पाहुणे लोक नाकं वर करून बघायला लागले. एका बाईला शिंका सुरू झाल्या. एकाने दिगंबरला विचारलं, “इज धिस अ रिलिजस थिंग?” दिगंबर म्हणाला, मला माहीत नाही, मी यांना ओळखत नाही. हा विनोद तो पुढे प्रत्येक वेळी सांगायचा. शोभा पन्हळीखाली पिशवी धरून गुडघ्यांवर बसली होती. साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, केस पिठाने पांढरे. तेवढ्यात दिगंबरने फोटो काढला.

पीठ अजून गरम होतं. तिने पिशवी मांडीवर घेतली. पुलावर पोचल्यावर दिगंबरने गाडी कडेला घेतली आणि दोघं नदी बघायला उतरली, तेव्हाही पिशवी तिच्या हातातच होती. त्याचं म्हणणं असं, की शिकागोच्या कस्टम्समध्ये हे पकडतील, तपकिरी पावडर म्हणून सगळं सामान उचकटतील, लोकांसमोर तमाशा होईल. आजचा एक तमाशा पुरे झाला. शोभा म्हणाली, मी सांगेन त्यांना काय आहे ते. तो म्हणाला, “कुठल्या भाषेत?” आणि तिच्या हातातून पिशवी घेऊन त्याने कठड्यावरून नदीत उलटी केली. थोडं पीठ वाऱ्याने उडून त्याच्याच कोटावर बसलं. उरलेलं पाण्यावर पसरलं आणि बदकं आली. मग त्याने बदकांचाही फोटो काढला.

ऑक्टोबरमध्ये खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही हे पहिल्यांदा बघितलं. “इथे आलात, आता लक्ष द्या,” दिगंबर म्हणाला. “राणीचा देश. शेकडो वर्षांची पाणचक्की. लोक जगभरातून येऊन बघतात. आणि आमची ही काय करते? दळण टाकते.” क्लिक. पिठाने माखलेली शोभा. लोक पोट धरधरून हसले. मग क्लिक, बदकं. “आणि हे लाभार्थी. राणीसाहेबांची बदकं. अजून थालीपीठ मागतात म्हणे.” श्रीराम हसता हसता खुर्चीवरून घसरला. मीही हसले, स्लाइड मजेदारच होती. शोभासुद्धा पदराने डोळे पुसत हसली. तिची आई तेव्हा जिवंत होती. भाजणी काय, पुढच्या खेपेला पुन्हा मिळाली असती.

नोव्हेंबरच्या शेवटी मिरजेहून फोन आला, आई गेली. शोभा गेली नाही. आत्ताच तर जाऊन आलीस, दिगंबर म्हणाला, आणि पोचेपर्यंत तिथे काय उरणार आहे? ते व्यवहाराला धरून होतं. आम्ही बायका भेटायला गेलो. शोभा सोफ्यावर बसून होती. तिने पिठाचा एक शब्द काढला नाही. परत येताना एकजण गाडीत म्हणाली, “बाई गं, आज पहिल्यांदा तिच्याकडे जाऊन कंटाळा नाही आला.”

ख्रिसमसच्या सुट्टीत जगन्नाथकाकांकडे सगळ्यांचं जेवण ठरलं. जगन्नाथकाका आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे, या गावात सगळ्यांत आधी आलेले, म्हणून आम्ही त्यांना मान द्यायचो. त्यांच्याकडे अटलांटाहून पाहुणे यायचे होते आणि त्यांना दिगंबरच्या स्लाइड दाखवायच्या होत्या. शोभाने नवऱ्याकडे त्याआधी कधी काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी मागितलं. ती दोन चित्रं दाखवू नका, तिने म्हटलं. आईच्या हातचं शेवटचं होतं ते, त्यावर लोकांनी हसलेलं मला आता चालणार नाही. दिगंबर म्हणाला, “ठीक आहे गं, एवढं काय. काढून टाकतो.” आणि तिच्यासमोर त्याने प्रोजेक्टरच्या ट्रेमधून दोन्ही स्लाइड काढल्या.

हे मला ठाऊक होतं, कारण जेवणाला जाताना ती आमच्या गाडीत होती आणि तिने मला सांगितलं. दिगंबर प्रोजेक्टर घेऊन आधीच गेला होता. मागच्या सीटवरून ती म्हणाली, “यांनी ऐकलं गं माझं.” तिच्या आवाजात एवढं कौतुक होतं की मला तिचा रागच आला.

स्लाइड संपत आल्या. लंडनचा टॉवर झाला, दगडी पूल झाला, पाणचक्की बाहेरून झाली आणि एकदम विमानतळ आला. श्रीराम अंधारातून म्हणाला, “अरे, दळण कुठे गेलं यार? दळण दाखव ना.” मग सगळेच म्हणायला लागले. जगन्नाथकाका म्हणाले, “दिगंबर, पाहुण्यांना मुद्दाम सांगून ठेवलंय मी.” दिगंबरने आधी दोन्ही हात वर केले. “सॉरी, सेन्सॉरने कापलंय.” लोक अजून ओरडायला लागले. तेव्हा त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. दोन्ही स्लाइड खिशात होत्या. काढून टाकतो एवढंच तो म्हणाला होता, आणि ट्रेमधून काढल्या होत्या.

पडद्यावर शोभा आली. सगळे हसायला लागले आणि शोभा उठून उभी राहिली. तिचं डोकं प्रोजेक्टरच्या उजेडात आलं, तिची सावली तिच्याच फोटोवर पडली. ती म्हणाली, “थांबा. ती भाजणी माझ्या आईने केली होती. तिला उभं राहवत नव्हतं, ती बसून भाजत होती. मला हात लावू दिला नाही. आता आई गेली. मी यांना म्हटलं होतं, हे दाखवू नका. हे हो म्हणाले होते.” तिला एवढंच बोलता आलं. 

दिगंबरने बटण दाबलं आणि बदकं आली. बदकांना हसायची लोकांना सवय झालेली होती. दोघा-तिघांना हसू फुटलंच, मग ते खोकल्यात घातलं गेलं. शेवटी जगन्नाथकाका शोभालाच म्हणाले, “वहिनी, पोटात कावळे ओरडताहेत. पानं घ्यायची का?” लोक इतक्या घाईने उठले की चिवड्याची ताटली पायाखाली आली. शोभाने पदर खोचला आणि वाढायला घेतलं. अटलांटाच्या पाहुण्यांना तिने आग्रह करकरून श्रीखंड वाढलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन सगळ्यांकडे. दिगंबरचा बिचाऱ्याचा केवढा इन्सल्ट झाला, हा एकूण सूर. पाहुण्यांसमोर कुणी असं करतं का? दुःख आहे मान्य, पण प्रत्येकाचे आईबाप जातातच. “तिच्यासमोर आता जपून बोलावं लागणार,” एकजण म्हणाली, आणि जपून बोलायचा कंटाळा म्हणून बायकांनी तिला बोलावणंच बंद केलं. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, तिला फोन गेला नाही. गुढीपाडव्याचं जेवण झालं, तेही तसंच. दिगंबरला पत्ते खेळायला बोलावणी होतीच. तो जायचा, आणि ‘वहिनी कशा आहेत’ असं कुणी विचारलं की ‘रेस्ट घेतेय’ म्हणायचा.

शॉमबर्गला बर्फ पडल्यावर गाडी न चालवणाऱ्या बाईला दाराबाहेर पाऊल टाकायला जागा नसते. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. मराठी बोलायला आमची वीस घरं होती, ती आता मिटली. मी तिला आठवड्यातून एकदा किराणा आणायला न्यायचे. दया वगैरे काही नाही. तिचं घर माझ्या वाटेवर होतं आणि मला आतली गोष्ट ऐकायची होती. तेव्हा तिने पाणचक्कीचं सगळं सांगितलं. दिगंबरबद्दल तिने वावगा शब्द काढावा म्हणून मी खूप वाट बघितली. तिने काढला नाही. एकदा तेवढं म्हणाली, “दीपासुद्धा म्हणते, आई, इट वॉज जस्ट अ जोक. तुला काय वाटतं, मी गप्प बसायला हवं होतं का?” मी म्हटलं, “हो.” खोटं कशाला बोलू? त्या गावात तेच शहाणपणाचं होतं.

पुढच्या ऑक्टोबरात स्लाइडचा कार्यक्रम आमच्या घरी होता. यजमानीण मी, त्यामुळे दोघांनाही बोलावलं. शोभा मोठं पातेलंभर आमटी घेऊन आली आणि सगळ्यांशी आपण होऊन बोलत सुटली, कूपनांविषयी, गराज सेलविषयी. पिठाविषयी चकार शब्द नाही. दिगंबरच्या नव्या सहलीच्या स्लाइड यथातथाच होत्या. त्या संपल्यावर श्रीरामने चाचरत विचारलं, “जुनं काही आणलंयस का रे?” दिगंबरने शोभाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही स्लाइड ट्रेच्या शेवटी होत्याच.

राणीचा देश झाला, दळण झालं, शिंकणारी बाई झाली, बदकं झाली. आणि आता गोष्टीला नवा शेवट होता. “पण खरी मजा पुढेच आहे,” तो म्हणाला. “जगन्नाथकाकांकडे, ऐन पाहुण्यांत, आमच्या हिने उभं राहून व्याख्यान दिलं.” मग त्याने आवाज बारीक केला, मान वाकडी केली, आणि हुबेहूब शोभाच्या सुरात म्हणाला, “‘थांबा. तिला उभं राहवत नव्हतं. ती बसून भाजत होती.’”

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे चेहरे अंधारात शोभाकडे वळले, तिची परवानगी असल्याशिवाय हसायला त्यांना चोरी झाली होती. ती माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर तोंडाशी नेला आणि हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, खांदे हलवून. मग सगळं बेसमेंट हसलं. दिगंबरने ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि पुन्हा सगळे हसले, श्रीरामने टाळी दिली. कुणीतरी पलीकडून म्हणालं, “मानलं वहिनी, यू आर अ गुड स्पोर्ट.”

हसणं ओसरायच्या आत शोभा माझ्या कानाशी वाकली. 

“आता बोलावतील ना गं मला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “बोलावतील.”

आणि संक्रांतीला सगळ्यांनी तिला बोलावलं.